टेक्ला बर्मनचा होकार

उत्तर स्वीडनमधल्या रेव्हसेले गावात 'हो' हा शब्द कोणी बोलत नाही, तो आत ओढतात. ओठांचा चंबू करायचा, बशीतली गरम कॉफी भुरकावी तसा श्वास आत खेचायचा, 'श्शुप्' असा बारीक आवाज येतो, झाला होकार. लग्नं या आवाजावर ठरतात, गाई या आवाजावर विकल्या जातात. चर्चमध्ये पाद्रीबुवांनी नवरीला प्रश्न विचारला की पहिल्या तीन बाकांना तो ऐकू जातो, बाकीचे समजून घेतात. तोंड उघडून मोठ्याने 'हो!' म्हणत नाहीत असं नाही. म्हणतात, पण बायकोने चौथ्यांदा "लाकडं आणलीत का?" असं विचारल्यावर.

या पद्धतीचा ताप एकाच माणसाला होता. टेक्ला बर्मनला. गावाचं टेलिफोन एक्स्चेंज तिच्या स्वयंपाकघरात होतं, चुलीपासून चार पावलांवर. एका हाताने पाल्टचे बटाट्याचे गोळे पातेल्यात सोडायचे आणि दुसऱ्या हाताने बोर्डावर पिन खोचायची, असं तिचं एकोणीस वर्षं चाललेलं. आणि फोनवर काही ते 'श्शुप्' ऐकू जात नाही. उमेओ शहरातल्या व्यापाऱ्याने ट्रंक कॉलवर विचारावं, "मग माल पाठवू ना?", इकडून गावकऱ्याने मनापासून श्वास आत ओढावा, आणि तिकडच्याला वाटावं लाइन तुटली. "हॅलो? हॅलो?" मग टेक्लाच मध्ये पडायची. "हो!" असं खणखणीत ओरडायची. "हो म्हणतोय तो! पाठवा!"

आता ती दोघांचं बोलणं ऐकत असल्याशिवाय हे कसं जमायचं, असा प्रश्न कोणी विचारला नाही. टेक्लाचं म्हणणं असायचं की ती ऐकत नाही, फक्त लाइन ठीक चालली आहे ना, एवढं बघते. कोणाची लाइन किती वेळ बघायची हे अर्थात तिचं ती ठरवायची.

तर अशी ही बाई. वय बेचाळीस, उंची दीड मीटरच्या जरा वर, लग्न नाही, त्याचं दुःखही दिसत नव्हतं. सगळा गाव तिला ओळखायचा, पण कानाने. सहकारी दुकानात ती मुकाट्याने रांगेत उभी असली तर शेजारचा माणूस टोपीसुद्धा उचलायचा नाही, तिने "अर्धा किलो मीठ" म्हटलं की दचकून वळायचा, "अरे, टेक्ला! तू होय!" हे तिला फार लागायचं. बोलून कधी दाखवलं नाही, पण एकदा तरी सगळ्या गावाने आपल्याकडे तोंड करून बसावं आणि आपल्याला बघावं, एवढी एक इच्छा तिने मनात धरली होती.

म्हणूनच एकोणपन्नास साली हेडेन मास्तरांनी सभागृहाच्या दारावर 'नाटक मंडळी स्थापन करणे आहे' असा कागद लावला, तेव्हा खाली पहिली सही टेक्लाची होती.

हेडेन मास्तर दक्षिणेकडच्या उप्सालाचे, विद्यापीठाच्या शहरातले. इकडे उत्तरेत, व्हेस्टरबॉटनमध्ये येऊन त्यांना दोनच वर्षं झालेली. गावात संस्कृती नाही असं त्यांचं मत होतं आणि ती आपण आणणार असं ठरलेलं होतं. पहिल्या बैठकीला चौदा माणसं आली. त्यातली पाच स्टोव्हपाशी ऊब मिळते म्हणून आलेली. चॅपलवाले म्हणजे गावातली कडक धार्मिक मंडळी, त्यांना नाटक म्हणजे पाप. त्यांच्यातला म्हातारा एफ्राइम कोण कोण आत जातं ते टिपून ठेवायला दाराबाहेर उभा राहिला. उणे बावीस तापमान होतं. वीस मिनिटांनी तो आत आला आणि म्हणाला, "पाप नीट बघितल्याशिवाय त्याच्याविरुद्ध बोलता येत नाही." तो पुढे एकाही तालमीला चुकला नाही.

मास्तरांनी छापील पुस्तिकांतून एक तीन अंकी नाटक निवडलं. मोठ्या शेताची मालकीण, तिच्यावर जीव टाकणारा गडी, मधे गैरसमज, दुसऱ्या अंकाच्या शेवटी मागणी. गड्याची भूमिका वाल्फ्रिड लुंडमार्कला मिळाली. हा नदीतून ओंडके सोडणाऱ्या टोळीतला, चव्वेचाळीस वर्षांचा सडाफटिंग, बहिणीकडे राहणारा. तो दिवसभरात नऊ वाक्यं बोलायचा. पण आवाज असा की दोन किनाऱ्यांवर एकदम ऐकू जावा. मालकीण झाली गुनवोर, सहकारी दुकानातली. ती दिसायला छान होती, आणि हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

"आणि मी?" टेक्लाने विचारलं.

मास्तरांनी चष्मा पुसला. "तुमच्यासाठी सर्वांत जबाबदारीचं काम आहे, टेक्लाबाई. प्रॉम्प्टर. तुमच्या आवाजाची सवय सगळ्यांना आहे."

"ते माझं तोंड न दिसता करायचं काम ना?"

"अहो, तुम्ही राणीच्या वेषात जरी आलात ना, तरी तोंड उघडल्याबरोबर लोक नंबर सांगायला लागतील."

सगळे हसले. टेक्लाही हसली, कारण एफ्राइमने तेवढ्यात बसल्या जागेवरून "सत्तेचाळीस!" असा आपला नंबर सांगितला होता. पण घरी गेल्यावर तिने पिठाचा डबा जरा जोरात आपटला.

मंचाच्या पुढच्या काठाला एक चौकोनी भोक कापलं आणि त्यावर अर्ध्या कापलेल्या पिंपाचं टोपण बसवलं. टेक्ला त्यात छातीपर्यंत उभी राहायची, पुढ्यात पुस्तिका, बाजूला मेणबत्ती. तिथून तिला माणसं दिसत नसत, त्यांचे बूट दिसत. वाल्फ्रिडचे बूट ओळ विसरले की आतल्या बाजूला वळतात आणि गुनवोरचे टाच उचलतात, एवढं ती महिन्याभरात शिकली. आणि तिने सर्वांना एक नियम घालून दिला. "भोकातून जे येईल ते म्हणायचं. डोकं चालवायचं नाही. तुमचं डोकं मला माहीत आहे."

सगळं ठीक चाललेलं, अडलं ते दुसऱ्या अंकाच्या शेवटी. वाल्फ्रिड गुडघा टेकून विचारायचा, "तर मग, होशील का माझी?" आणि गुनवोरने म्हणायचं होतं, "हो!" पुस्तिकेत तसं उद्गारचिन्हासकट छापलेलं होतं.

गुनवोर वाल्फ्रिडकडे बघायची, मान किंचित कलती करायची आणि म्हणायची, "श्शुप्."

"मोठ्याने!" मास्तर विंगेतून ओरडायचे. "शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे!"

"शेवटच्या रांगेला कळतंय," शेवटच्या रांगेतून एफ्राइम म्हणायचा.

"पण ती काहीच बोलली नाही!"

"अहो मास्तर, एवढं गोड बोलली. आम्ही इथे गहिवरलोय."

मास्तरांनी हट्टच धरला तेव्हा गुनवोरने एकदा छाती भरून "हो!" म्हटलं. तर वाल्फ्रिड तसाच उठून मागे सरकला. "मी काय केलं?" त्याने विचारलं. मंडळी हसून लोळली. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. शेवटी त्यांनी बजावलं की प्रयोगाच्या दिवशी तो शब्द प्रेक्षकांना ऐकू आलाच पाहिजे, नाहीतर हे नाटक नाही, मूकाभिनय आहे.

भोकात उभी असलेली टेक्ला हे सगळं रोज ऐकत होती. आणि रोज घरी आल्यावर, बोर्ड शांत असला की, चुलीपुढे उभी राहून ती ओळ म्हणून बघत होती. कधी हळू, कधी हसत, कधी एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून. दर वेळी ऐकू जाईल अशी. मांजराला ती पाठ झाली होती.

प्रयोग पन्नास सालच्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी दोनला. सणाला बारा ते पाच एक्स्चेंज बंद, त्यामुळे ती अडचण नव्हती. दीडशेवर माणूस जमलं. चॅपलवाले मागे उभे होते, बसलं तर पाप जास्त लागतं म्हणून. पहिला अंक झकास झाला. दुसऱ्याच्या शेवटी वाल्फ्रिडने गुडघा टेकला; भोकातून टेक्लाला तो गुडघा आणि त्यावरचं ठिगळ अगदी जवळून दिसलं. तो गरजला, "तर मग, होशील का माझी?"

गुनवोरने मान कलती केली. "श्शुप्."

सभागृह गहिवरलं. पण विंगेत मास्तर दोन्ही हात हवेत फिरवायला लागले, वाल्फ्रिडचे बूट गोंधळून आत वळले, आणि टेक्लाच्या अंगात एकोणीस वर्षांची सवय उसळली. उत्तर दिलं गेलंय, पलीकडे पोचलं नाही.

"हो!" ती भोकातून ओरडली.

नुसती ओरडली नाही. चुलीपुढे बसवलं होतं तसं, हसत, गळ्यात थोडा कंप आणून म्हणाली. पिंपाच्या टोपणाने तो आवाज असा फेकला की झुंबर किणकिणलं.

 मागच्या चॅपलवाल्यांतून एफ्राइम ओरडला. "वाल्फ्रिड! रॉंग नंबर लागला रे!"

त्यानंतर तिसरा अंक झाला म्हणतात. कोणाला आठवत नाही.

*

पुढचे तीन आठवडे टेक्लाने कसे काढले ते तिचं तिला माहीत. फोन लावायला हँडल फिरवलं की लोक आधी विचारायचे, "काय गं नवरीबाई, तारीख ठरली का?" सहकारी दुकानात तिच्यासाठी पांढरी रिबीन बाजूला काढून ठेवली होती, तीही गुनवोरने. टेक्ला उत्तरं द्यायची, त्यात ती कमी नव्हती. पण तिला खरी धास्ती वेगळीच होती. जानेवारीच्या शेवटी मंडळीची बैठक होती, आणि मास्तर सगळीकडे सांगत सुटले होते की प्रॉम्प्टर बदलणार. म्हणजे मंचावर जायचं तर सोडाच, मंचाखालची जागाही जाणार.

अशात एका रविवारी वाल्फ्रिड आला. नवी टोपी, दाढी केलेली, हनुवटीवर दोन ठिकाणी कापलेलं. तो लाकडी बाकावर बसला. टेक्लाने कॉफी दिली, त्यात तिकडच्या रीतीप्रमाणे चीजचे तुकडे टाकले. पहिला कप त्याने न बोलता संपवला. दुसराही.

"टेक्ला."

"हं."

"तू म्हणालीस ना."

"काय म्हणाले?"

"हो."

"ते गुनवोरचं होतं."

"आवाज तुझा होता."

कोणीतरी फोन फिरवला, बोर्डावर त्याच्या नंबरची झडप पडली. टेक्लाने पिन खोचली, "बारा नंबर, देते," आणि वळली. "आवाज माझाच असतो, वाल्फ्रिड. या गावाचे सगळे होकार माझ्याच आवाजात गेलेत. तुझ्या मेव्हण्याने उमेओहून सायकल मागवली, तेव्हाही हो मीच म्हटलं. आता त्या सायकलवाल्याशी लग्न करू?"

वाल्फ्रिडने यावर विचार केला. "म्हणजे नाही?"

"नाही."

त्याने एवढा मोठा श्वास सोडला की खिडकीची काच धुरकटली. "बहीण म्हणाली, अख्ख्या गावासमोर बिचारी हो म्हणाली, आता तू गेलंच पाहिजेस. दहा दिवस मला झोप नाही, टेक्ला."

"इतकी काही वाईट नाहीये मी!"

"तसं नाही गं. पण इथे सकाळपासून घंटी वाजते." त्याने कप पुढे केला. "आता तिसरा दे. हा मला चवीने पिता येईल."

टेक्लाने कप भरला, जरा कमीच भरला. वाल्फ्रिड साखरेचा खडा दातांत धरून बशीतून प्यायला लागला. मग म्हणाला, "मग ओरडलीस कशाला? नुसतं कुजबुजून चाललं असतं."

तिने बोर्डाकडे पाहिलं. एकही झडप पडेना. नको तेव्हा गाव गप्प बसतो.

"मला ती ओळ म्हणायची होती," ती म्हणाली. "वर उभं राहून. लोक बघत असताना. तू विचारतोस का दुसरा कोणी, त्याचं मला काही नव्हतं. तिथे एक दगड ठेवला असता तरी चाललं असतं."

दुसऱ्या कोणाला हे झोंबलं असतं. वाल्फ्रिडने फक्त मान हलवली. "मास्तर पण मला दगडच म्हणतात," तो म्हणाला आणि टोपी घेऊन निघाला.

बैठकीत मास्तरांनी आधी नवीन नाटक वाचून दाखवलं, मग भूमिका वाटल्या, मग घसा खाकरून म्हणाले, "आता प्रॉम्प्टरच्या बाबतीत. गेल्या खेपेस जो प्रकार झाला—"

वाल्फ्रिड उठला. उठला आणि तसाच उभा राहिला. तो बोलणार हे सगळ्यांना कळलं, म्हणून सगळे थांबले. स्टोव्हमध्ये दोन लाकडं जळून गेली.

"ती वर येणार नसेल," तो म्हणाला, "तर मी नदीवर."

"म्हणजे?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणजे तुमचा हिरो गेला," एफ्राइमने अर्थ सांगितला. "आणि एवढ्या आवाजाचा दुसरा शोधायचा तर बैल आणावा लागेल."

मास्तर बराच वेळ पुस्तिका चाळत बसले. एक आत्या होती त्यात, नायिकेची. अकरा वाक्यं. तिसऱ्या अंकात बसून विणकाम करते.

"ती चालेल का?" त्यांनी टेक्लाला विचारलं.

टेक्ला तोंड उघडून काही बोलली नाही. श्वास तेवढा आत गेला, आणि तो मास्तरांनासुद्धा ऐकू आला.

भोकात मात्र उभं राहायला कोणी तयार होईना. प्रॉम्प्टरचं लग्न जमतं अशी अफवा पसरली होती, आणि ती कोणी पसरवली हे एफ्राइम सांगेना. शेवटी मास्तरच उतरले. ते उंच होते, त्यांना वाकून उभं राहावं लागे, आणि पिंप डोक्याला लागे.

एकावन्न सालच्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी टेक्ला मंचावर आली. गालांना लाल रंग, डोक्यावर लेसची टोपी, हातात लोकर. ती खुर्चीत बसली, आणि समोर बघितलं. इतकी तोंडं! बूट नव्हेत, तोंडं. आणि सगळी तिच्याकडे वळलेली. तिचं पहिलं वाक्य होतं, "थंडी वाढली म्हणायची." तिने ते म्हटलं. मागच्या रांगेतल्या कोणीतरी सवयीने "बावीस द्या" म्हटलं, हशा पिकला, आणि तोही सुखरूप पार पडला.

पण मग वेगळीच भानगड झाली. टेक्लाला स्वतःची अकरा वाक्यं पाठ होती, तशीच इतरांची चारशेही. गुनवोर बोलायला लागली की टेक्लाचे ओठ आपोआप हलायला लागले. वाल्फ्रिडने तोंड उघडायच्या आधीच आत्याचे ओठ त्याची ओळ म्हणून मोकळे. तिला स्वतःला पत्ताच नव्हता; ती विणत होती आणि अख्खं नाटक आवाजाविना बोलत होती. आधी पहिली रांग खुसखुसली, मग दुसरी.

"अरे, या म्हातारीला सगळ्यांच्या पोटातलं आधीच माहीत आहे!" एफ्राइम ओरडला. हा आता पहिल्या रांगेत बसायचा, आणि बसल्याने पाप वाढलेलं दिसत नव्हतं. "आपल्या टेक्लासारखीच आहे!"

भोकात मास्तरांचा जीव कासावीस. नायक-नायिकेच्या गंभीर प्रसंगात लोक हसताहेत. ते दात-ओठ खात टेक्लाच्या दिशेने फुसफुसले, "तोंड मिटा!"

आता भोकातून जे येईल ते म्हणायचं. डोकं चालवायचं नाही. टेक्ला विणकाम खाली ठेवून उभी राहिली, जमीनदाराचं काम करणाऱ्या गावच्या सोनाराकडे वळली, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "तोंड मिटा!"

तो जमीनदार नेमका त्या वेळी गरिबांना शिव्या घालत होता. त्याने खरोखरच तोंड मिटलं. सभागृह असं उसळलं की मागे उभे असलेले चॅपलवालेही टाळ्या वाजवायला लागले, आणि त्यातल्या दोघांनी, आता काय राहिलंय म्हणून, खुर्च्या ओढून घेतल्या. टेक्ला उभीच होती. टाळ्या थांबेपर्यंत खाली बसायची नाही, हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं.

नंतर केक-कॉफीच्या वेळी मास्तर तिच्यापाशी आले. कपाळावर पिंपाचा वण उठला होता. "अकरा वाक्यं होती तुम्हाला," ते म्हणाले.

"बारा झाली," टेक्ला म्हणाली. "बारावं तुम्ही दिलंत. सगळ्यांत चांगलं तेच होतं."

 मास्तरांनी कॉफीचा घोट घेतला, आणि पुढच्या वर्षीच्या नाटकातली सासू किती वाक्यं बोलते ते आपणहून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उणे चोवीस तापमान होतं. टेक्लाने गालांचा रंग पुसला नव्हता. साबण सापडला नाही असं ती सांगते. सकाळी सातला एक्स्चेंज उघडलं. आठपर्यंत एकही झडप पडली नाही. तिला वाटलं, तारा तुटल्या. मग दार वाजलं. गुनवोरचे आई-वडील. एक फोन लावायचा होता म्हणे. घरी फोन असून. त्यांच्या मागे सोनार, त्याच्या मागे वाल्फ्रिडची बहीण, आणि असे दुपारपर्यंत अकरा जण बर्फ तुडवत आले, बाकावर दाटीवाटीने बसले, टेक्लाकडे बघत राहिले. कॉफीचं पातेलं तीनदा चढलं.

शेवटी एफ्राइम आला, पायाने ढकलायच्या घसरगाडीवरून, मिशांना बर्फ लटकलेला.

"कोणाला लावू?" टेक्लाने विचारलं.

"सत्तेचाळीस."

"ते तुमचंच घर आहे."

"हो ना."

"तिथे कोण आहे आत्ता?"

"कोणी नाही. मी इथे आलोय ना."

"मग?"

एफ्राइमने टोपी काढून मांडीवर ठेवली, बाकावरच्या सोनाराला कोपराने सरकवलं आणि टेक्लाच्या समोर नीट, आरामात बसला.

"वाजू दे," तो म्हणाला.